घरच्या गॅरेजमधली पोर्टेबल कार लिफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपली गाडी आपल्याच हातांनी दुरुस्त करणाऱ्यांकडून पोर्टेबल लिफ्टबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. आपल्याला पडलेला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा. फक्त ६, ७ आणि ८ क्रमांकाचे प्रश्न कुणीही गाळू नयेत.

१. पोर्टेबल लिफ्ट म्हणजे नक्की काय? मोठा जॅकच ना?

जॅक गाडीचा एक कोपरा किंवा फार तर एक बाजू उचलतो. लिफ्ट अख्खी गाडी चारही बिंदूंवर एकदम आणि सपाट उचलते. पोर्टेबल म्हणजे जमिनीत कायमची न गाडलेली, काम झालं की बाजूला सरकवता येणारी.

घरगुती वापरात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे दोन सुट्या, लांबट फ्रेम. एक गाडीच्या डाव्या कुशीखाली, एक उजव्या. दोन्हींना नळ्यांनी एकच मोटर-पंप जोडलेला असतो आणि गाडी साधारण अर्धा मीटर वर जाते. दुसरा प्रकार कात्रीसारख्या उघडणाऱ्या लिफ्टचा. ही गाडीच्या पोटाखाली मधोमध बसते आणि यातल्या मोठ्या लिफ्ट गाडी मीटरभर किंवा थोडी जास्त उचलतात. याखेरीज चाकांवर ढकलत नेता येणारे खांब आणि गाडीला एका कुशीवर कलती करणारे सांगाडेही मिळतात, पण कलत्या सांगाड्यावर इंजिन ऑइल बदलता येत नाही, म्हणून पहिली लिफ्ट घेणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

आत चालतं ते बहुतेकांत सारखंच. पंप तेलावर दाब देतो आणि तेल पिस्टन ढकलतं. ५० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरतं. १५० बार दाबाला त्यावर जवळपास तीन टनांचा जोर येतो. एवढ्याशा नळकांड्यातून गाडी कशी उचलली जाते, याचं उत्तर इतकंच.

२. माझ्याकडे ट्रॉली जॅक आहे, चार स्टँड आहेत. मग लिफ्ट कशाला?

वर्षातून दोनदा ऑइल बदलण्यापुरतंच काम करत असाल तर खरंच नको. जॅक आणि चांगल्या घोड्या, म्हणजे हेच स्टँड, पुरतात.

महिन्याला एकदा तरी गाडीखाली जाणं होत असेल तर हिशेब बदलतो. जॅकवर चारही कोपरे घ्यायचे म्हणजे पुढून उचला, घोड्या लावा, मागून उचला, पुन्हा घोड्या लावा. मागची बाजू उचलताना पुढच्या घोड्या किंचित कलतात, आणि जॅकच्या कामातला सगळ्यात वाईट क्षण तोच. लिफ्टमध्ये तो येतच नाही. शिवाय गाडी सपाट राहते, त्यामुळे ऑइल पूर्ण निथळतं आणि गिअरबॉक्सची पातळी बरोबर कळते.

३. किती टनांची लिफ्ट घेऊ?

गाडीच्या कागदपत्रांवर किंवा दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर वजन दिलेलं असतं. त्यात रिकाम्या गाडीचं वजन वेगळं आणि जास्तीत जास्त भरलेल्या गाडीचं वेगळं असतं. निवड करताना दुसरा, म्हणजे मोठा आकडा धरा. डिकीतलं सामान आपण काढू म्हणतो आणि विसरतो.

पण एकूण टनांपेक्षा वजनाची वाटणी जास्त महत्त्वाची. इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं ओढणारी, अशा गाडीत वजनाची वाटणी ढोबळमानाने ६०:४० असते. १५०० किलोची गाडी असेल तर पुढच्या दोन बिंदूंवर ९०० किलो, म्हणजे एकेका पुढच्या बिंदूवर ४५० आणि मागच्या एकेकावर ३००. लिफ्टवर लिहिलेली क्षमता बऱ्यापैकी तोलात बसलेल्या वजनासाठी असते. म्हणून गाडीच्या वजनाइतकीच क्षमता घेऊ नका, निदान पाव हिस्सा वर ठेवा. इलेक्ट्रिक गाडीला हा हिशेब थोडा वेगळा लागतो. प्रश्न १७ पाहा.

खरेदी करताना लिफ्ट कोणत्या मानकाप्रमाणे तपासली आहे तेही विचारा. युरोपात वाहन-लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, अमेरिकेत एएलआय या संस्थेच्या प्रमाणपत्राची खूण पाहतात. विक्रेत्याला यातलं काहीच सांगता आलं नाही तर पुढचं बोलणं थांबवलेलं बरं.

४. गॅरेज अरुंद आहे आणि छत खाली आहे. बसेल का?

गाडीची उंची अधिक लिफ्टची उचल, वर हातभर मोकळी जागा. दीड मीटर उंचीची गाडी अर्धा मीटर उचलली तर छप्पर दोन मीटरवर जातं. बहुतेक गॅरेजांत हे बसतं. अडतं ते भलतीकडेच: वर सरकणाऱ्या शटरची पट्टी, लोंबता दिवा, छतावरची सायकल. आणि डिकी. गाडी वर गेल्यावर मागचा दरवाजा उघडला की तो थेट छताला लागतो, हे आठवतं ते बहुधा पत्रा चेपल्यावर.

रुंदीचं म्हणाल तर गाडीच्या दोन्ही अंगांना आडवं सरकता येईल एवढी जागा हवी. जॅकपेक्षा लिफ्टला जागा जास्त लागते असं नाही, जागा माणसाला लागते.

५. खाली टाइल्स आहेत, बाहेर पेव्हर ब्लॉक आहेत. कुठेही लावली तर चालेल ना?

नाही. चांगलं, भेगा नसलेलं, सपाट काँक्रीट हवं. बोल्टने जमिनीला आवळायचे खांब असतील तर त्यांना साधारण १०० मिलिमीटर जाडीचं पक्कं काँक्रीट लागतं. नेमका आकडा लिफ्टच्या पुस्तकात असतो. सुट्या फ्रेमचं वजन लांबट पायावर पसरतं, त्यामुळे त्यांचं जरा कमी लाडात भागतं. जरा कमी, एवढंच.

टाइल्सचा प्रश्न त्यांच्या खालच्या पोकळीचा असतो. नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे फरशी तडकणार आणि तडकताना फ्रेम सरकणार. पेव्हर ब्लॉक एकेकटे खचतात, म्हणजे चारपैकी एकच बिंदू खाली जातो, आणि तोल बिघडायला तेवढं पुरतं. डांबर उन्हात मऊ पडतं. मातीचा विचारही नको.

उतार? पाणी वाहून जावं म्हणून दिलेला हलका ढाळ बहुतेक लिफ्ट सोसतात, पण तो गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे की आडवा, हे पाहा. आडवा ढाळ जास्त वाईट. फ्रेमखाली फळ्यांचे तुकडे सारून लिफ्ट सपाट करायचा मोह होतो. करू नका.

६. गाडी नेमकी कुठे धरायची? खाली सगळं सारखंच दिसतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि लिफ्टवरचे बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात.

आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दरवाजाखालच्या सिलला खालून एक उभी शिवण असते, दोन-तीन पत्रे एकत्र आणून स्पॉट-वेल्डिंग केलेली. या शिवणीवर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे प्रत्येकी दोन खाचा किंवा बाणाच्या खुणा असतात. त्या दोन खाचांच्या मध्ये आतून जादा जाड पत्रा दिलेला असतो. उचलायचं तिथेच. चार बोटं पुढेमागे झालं तरी शिवण आडवी होते.

मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या जुन्या हॅचबॅकची डावी सिल आजही वाकडी आहे. घाई होती, अंधार पडत होता, आणि खाच समजून मी जी खूण धरली ती प्लॅस्टिकच्या पट्टीच्या क्लिपची होती. कर्र असा आवाज आला तेव्हा चाक जमिनीवरून जेमतेम सुटलं होतं. वाकलेला पत्रा नंतर सरळ करता येतो, पण रंग उडालेल्या जागी गंज धरतो, आणि तो दरवर्षी थोडा पुढे सरकतो.

म्हणून मधे खाच असलेले रबरी ठोकळे घ्या. शिवण त्या खाचेत बसते आणि वजन शिवणीच्या दोन्ही अंगांच्या सपाट पत्र्यावर येतं. खाच नसलेल्या सपाट ठोकळ्यावर सगळं वजन शिवणीच्या धारेवर येतं.

पुढे-मागच्या बिंदूंमधलं अंतर लिफ्ट घेण्याआधीच टेपने मोजा. प्रत्येक फ्रेमला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी एक मर्यादा असते. छोट्या गाडीसाठी लांब फ्रेम घेतली तर ठोकळा फ्रेमच्या बाहेर जात नाही, पण फ्रेमच चाकाला अडते.

काही गाड्यांत बिंदू प्लॅस्टिकच्या झाकणामागे असतात. गाडीच्या पुस्तकात चित्र असतंच. आणि ऑइलचं चेंबर, गिअरबॉक्सचं कवच, सायलेन्सर, मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा (ट्विस्ट बीम), यातलं काहीही लिफ्टचा बिंदू नव्हे, मग ते कितीही भक्कम दिसो.

७. उचलायची पद्धत सांगाल का, अगदी पहिल्यापासून?

गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा. चाक काढायचं असेल तर त्याचे नट जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घ्या. फ्रेम सारा, ठोकळे खाचांखाली आणा आणि चारही ठोकळे नुसते टेकेपर्यंतच उचला. इथे थांबा. खाली वाकून चारही ठिकाणं डोळ्यांनी बघा, टॉर्च लावून. मोबाइलचा दिवा चालेल.

मग चाकं जमिनीपासून बोटभर सुटेपर्यंत न्या आणि पुन्हा थांबा. आता गाडीला कमरेच्या जोराने हलकासा धक्का द्या, पुढून एकदा, बाजूने एकदा. कर्र, टक, सरकणं, काहीही जाणवलं तर लगेच खाली. बोटभर उंचीवरून उतरलेल्या गाडीचं काही बिघडत नाही. सगळं शांत असेल तर वर घ्या. लॉकच्या, म्हणजे लिफ्टला वर अडवून धरणाऱ्या लोखंडी दांडीच्या, खाचेच्या थोडं वर नेऊन मग गाडी लॉकवर खाली टेकवा. नुसतं वर नेऊन सोडलं तर वजन तेलावरच राहतं. त्याबद्दल पुढचा प्रश्न.

हँडब्रेक लावायचा की काढायचा, गिअर की न्यूट्रल, याचं एकच उत्तर नाही. समांतर पट्ट्यांच्या फ्रेम वर जाताना कंसात फिरतात, म्हणजे गाडी वर जाता जाता थोडी पुढे किंवा मागेही सरकते. चाकं टेकलेली असताना ती जाम असतील तर ठोकळ्यांवर ओढ बसते. उलट कात्री लिफ्ट जवळपास सरळ वर जाते. तुमच्या लिफ्टचं पुस्तक जे म्हणेल तेच करा. आणि गाडी सरकणार हे लक्षात ठेवून पुढच्या भिंतीपासून अंतर सोडा.

गाडीत कुणी बसलेलं नसावं. मांजरही.

८. लॉक लावलाच नाही, हायड्रॉलिकवरच पाच मिनिटं काम उरकलं तर?

नाही. पाच मिनिटंही नाही, हात घालून पडलेला नट उचलण्यापुरतंही नाही.

तेलावर उभी असलेली गाडी रबराच्या एका सीलवर, एका नळीवर आणि एका व्हॉल्व्हच्या छोट्या गोळीवर उभी असते. त्यातलं काहीही दगा देऊ शकतं, आणि बहुतेक वेळा आधी सूचना मिळत नाही. लॉक म्हणजे लोखंडावर लोखंड. लिफ्ट गाडी वर नेते, पण वर धरून ठेवतो तो लॉक.

लॉक बसला हे कसं ओळखायचं? खाली टेकवताना ठक्क असा आवाज येतो आणि नंतर उतरवण्याचं बटण दाबून धरलं तरी गाडी हलत नाही. तरीही दोन्ही बाजू डोळ्यांनी पाहा, आणि दोन्ही बाजू एकाच खाचेत आहेत ना तेही. एक बाजू वरच्या खाचेत आणि दुसरी खालच्या, असं होतं, आणि नवख्याला ते लगेच दिसत नाही.

९. लॉक असताना घोड्याही लावाव्यात का?

यावर मतभेद आहेत. माझं मत असं: लॉक नीट बसला असेल तर घोड्यांची सक्ती नाही, पण काढलेली चाकं सिलखाली आडवी सारून ठेवायला काहीच खर्च येत नाही. कुठेतरी ठेवायचीच असतात ना.

घोड्या लावायच्याच तर गाडीला टेकवून ताणात ठेवू नका, बोटभर मोकळ्या ठेवा. ताणात ठेवलेल्या घोडीमुळे एखाद्या ठोकळ्यावरचं वजन उचललं जातं आणि तो ठोकळा सैल होऊन सरकतो. आणि गाडी उतरवण्याआधी त्या काढायला विसरू नका. घोडीवर टेकून एका बाजूने अडकलेली गाडी हे या साऱ्या प्रकारातलं सगळ्यात भीतीदायक दृश्य आहे.

घोडीवरही आंधळा भरवसा नको. २०२० मध्ये अमेरिकेत एकाच विक्रेत्याचे सुमारे १७ लाख स्टँड परत मागवावे लागले, कारण भार असताना दांड्याचे दात सुटू शकत होते.

१०. एक बाजू आधी वर जाते आणि दुसरी थरथरत मागून येते. लिफ्ट खराब आहे का?

नवीन असेल तर बहुधा नाही. नळीत हवा आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून हवा असलेली बाजू आधी स्प्रिंगसारखी दबते आणि मग झटका देत उठते. रिकामी लिफ्ट, गाडीशिवाय, चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. सिलिंडरवर हवा सोडायचा स्क्रू असतो. पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने तो किंचित सैल करा, बुडबुडे थांबून सलग तेल आलं की बंद करा. नंतर टाकीतलं तेल बघा, कारण हवा निघाली की पातळी उतरते.

हवा काढूनही फरक राहिला तर गाडीच्या वजनाकडे बघा. चालकाच्या बाजूचं सामान, मागच्या एका कोपऱ्यात स्टेपनी, असला काही फरक असला की हलकी बाजू आधी उठते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक वरच्या टोकाला आपोआप मिटतो. त्याहून जास्त असेल तर नळीच्या जोडणीत अडथळा आहे. झटपट जोडायचे कपलर पूर्ण आत बसलेले नसतात, हे त्याचं नेहमीचं कारण.

सुरुवातीला मोटर कण्हते आणि नंतर सहज चालते, ही मात्र तक्रार नव्हे. कात्री पूर्ण मिटलेली असताना पिस्टन जवळजवळ आडवा ढकलत असतो. सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो.

११. तेल कोणतं आणि कधी बघायचं?

कंपनी सांगेल ते. बहुतेक ठिकाणी ३२ किंवा ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने सील फुगतात. पातळी लिफ्ट पूर्ण खाली असताना बघा. वर असताना बरंचसं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. तेव्हा टाकी भरली तर उतरवताना जादा तेल बाहेर येतं.

थंडीत तेल घट्ट होतं आणि उतरायला वेळ लागतो. त्यात बिघाड काही नाही.

१२. नळीजवळ ओलसर दिसतंय. कुठून गळतं ते हाताने चाचपून बघू का?

हात लावू नका. दाबाखालच्या नळीला सुईएवढं छिद्र असेल तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना जेमतेम दिसते, पण ती कातडीतून आत शिरते. सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं, दुखत नाही, म्हणून लोक घरी बसतात. आत गेलेलं तेल मांस सडवतं, आणि अशा वेळी तासाभरातच शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जावं लागतं. डॉक्टरांना "दाबाखालचं तेल टोचलं आहे" हे स्पष्ट सांगा.

गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ फिरवा. शक्यतो आधी गाडी उतरवा, दाब सोडा, मगच जोडणीला पाना लावा.

१३. घरातल्या साध्या बोर्डवर चालेल का? की १२ व्होल्टची घेऊ?

१५०० वॉटची मोटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर आणि ११० व्होल्टवर जवळपास १४ अँपिअर घेते; सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट. म्हणून अर्थिंग असलेला जाड पिनचा सॉकेट हवा, विजेच्या गळतीला तुटणारा ब्रेकर हवा, आणि एक्स्टेन्शन लागलीच तर जाड तारेची आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळीतच ठेवलेली तार तापते. बारीक तारेत व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते पण फिरत नाही.

तेवढीच मोटर १२ व्होल्टवर १२५ अँपिअर ओढते. एवढा प्रवाह गाडीची चांगली बॅटरीच देते, तोही थोडाच वेळ. वीज नसलेल्या शेडमध्ये हाच मार्ग. घरात वीज असेल तर तिच्यावरचीच घ्या.

या मोटरी सतत चालायला बनवलेल्या नसतात. दोन-तीनदा वर-खाली केल्यावर थंड होऊ द्या.

१४. गाडी वर आहे आणि वीज गेली. उतरवू कशी?

लॉकवर असेल तर घाई कशाची? वीज येईपर्यंत थांबा.

अडचण अशी की लॉक सोडायला गाडी आधी जराशी वर घ्यावी लागते, आणि त्याला पंप लागतो. नुसता उतरवायचा व्हॉल्व्ह दाबून लॉक सुटत नाही. काही पंपांना हाताने चालवायचा दांडा असतो. लिफ्ट घेताना हे विचारून ठेवा. ट्रॉली जॅकने एक एक बाजू उचलून लॉक काढायचा प्रयत्न करणारे भेटतात. एक बाजू मोकळी आणि एक अडकलेली, असं होतं. करू नका.

१५. लिफ्टवर कोणती कामं होतात आणि कोणती होत नाहीत?

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, डिस्क, चाकांची अदलाबदल, सायलेन्सर, शॉक ॲब्सॉर्बर, खालून गंजरोधक मारणं, सगळं आरामात. कात्री लिफ्ट पोटाखाली मधोमध बसते म्हणून गिअरबॉक्स उतरवायला आणि सायलेन्सरला ती आडवी येते. दोन सुट्या फ्रेममध्ये मधली जागा मोकळी राहते. घरगुती कामासाठी मी फ्रेमच निवडेन ते एवढ्याचसाठी.

आता जिथे लोक चुकतात ते. या लिफ्ट गाडी बॉडीला धरून उचलतात, त्यामुळे चाकं लोंबतात आणि सस्पेन्शन पूर्ण सुटतं. अशा स्थितीत लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशचे बोल्ट पक्के आवळू नका. बुश त्या कोनात जखडला जातो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांतच फाटतो. "नवीन बुश टाकले तरी आवाज येतो" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं. बोल्ट हाताने बसवा आणि चाकावर वजन आल्यावर, किंवा आर्मखाली जॅक लावून तेवढ्याच उंचीवर आणून, मग टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा.

चाकांच्या नटांचंही तसंच: लिफ्टवर नुसते बसवा, शेवटचा टॉर्क जमिनीवर. बहुतेक मोटारींना तो ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपला आकडा पुस्तकातून घ्या. जाम झालेला बोल्ट लांब पाइप घालून हिसडे देत सोडवणं लिफ्टवर नको. गाडी ठोकळ्यांवर डोलते.

गिअरबॉक्सचं किंवा डिफरन्शियलचं तेल बदलताना आधी भरायचा नट उघडा, मग काढायचा. भरायचा नट जाम निघाला आणि तेल आधीच काढून टाकलेलं असेल तर गाडी लिफ्टवरच राहते.

व्हील अलाइनमेंट या लिफ्टवर होत नाही. त्याला चाकांवर उभी असलेली गाडीच लागते.

१६. वर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकला तर? आवाज कुठून येतो ते ऐकायचंय.

चाकं लोंबत असताना पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात असतात. त्या कोनात जोरात फिरवले की ते खटखटतात आणि झिजतात. जो आवाज ऐकू येईल तो कदाचित लिफ्टमुळेच येत असेल. शिवाय फिरत्या चाकांची थरथर थेट ठोकळ्यांत उतरते. चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. बहुतेक वेळा तेवढ्याने कळतं.

नुसतं इंजिन चालू ठेवायचं असेल तर शटर उघडं हवं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१७. इलेक्ट्रिक गाडी उचलता येते का?

येते, पण पोटाखाली अख्खी बॅटरी असते, चाकांच्या जोडीपासून जोडीपर्यंत. म्हणून मधोमध बसणारी कात्री लिफ्ट बहुतेकदा बादच. सुट्या फ्रेम चालतात, फक्त ठोकळा बॅटरीच्या कवचाच्या कडेवर जरासुद्धा चढता कामा नये. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना शिवणीऐवजी गोल भोकं दिलेली असतात आणि त्यांत बसणारे वेगळे गोटे लागतात.

वजनाचं म्हणाल तर बॅटरीच तीन-चारशे किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे आकाराने तेवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा ही बरीच जड भरते. वाटणी मात्र पुढे-मागे जवळपास समान असते, ही त्यातली सोय.

१८. एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीला काही वेगळं करावं लागतं का?

हो. चाकं सुटली की गाडीला वाटतं उंची चुकली, आणि ती हवा सोडून किंवा भरून दुरुस्त करायला बघते. उचलण्याआधी मेनूमधला जॅक मोड चालू करा. तशी सोय नसेल तर पुस्तकात सांगितलेल्या रीतीने सस्पेन्शन बंद करा.

१९. गाडी इतकी खाली आहे की फ्रेम आतच जात नाही. आणि दुसरी पिकअप आहे, ती उचलतच नाही!

खाली असलेल्या गाडीसाठी चाकांखाली रुंद फळ्यांचे उतार करून आधी गाडी चार-पाच सेंटिमीटर वर चढवा, मग फ्रेम सारा. फळ्या चारही चाकांखाली हव्यात, सारख्याच जाडीच्या.

पिकअपला वेगळी चासी असते, आणि उचलायचं चासीच्या दांड्यांना. ते जमिनीपासून उंच असल्याने लिफ्टची निम्मी उचल तिथपर्यंत पोचण्यातच संपते. त्यासाठी कंपनीचे उंच अडॉप्टर मिळतात. ठोकळ्यावर ठोकळा रचून उंची वाढवू नका. दोन रबरांच्या मधली जागा घसरते.

२०. गाडी वरच असताना इंजिन काढायचं आहे. तोल जाईल का?

जाऊ शकतो. प्रश्न ३ मधली १५०० किलोची गाडी घ्या. पुढच्या भागातून दोनशे-अडीचशे किलोचं इंजिन-गिअरबॉक्स निघालं की मागची बाजू अचानक भारी वाटू लागते. चारही बिंदूंच्या चौकटीत भारमध्य राहिला तर गाडी पडत नाही, पण पुढचे ठोकळे हलके होतात आणि एका हिसक्याने निसटू शकतात. डिकी रिकामी करा, मागच्या बाजूला टेकू द्या, आणि इंजिन हळू, उभ्या रेषेत उतरवा. पहिल्यांदाच करत असाल तर सोबत कुणीतरी असू द्या.

२१. जुनी लिफ्ट स्वस्तात मिळतेय. आणि एकजण म्हणतो, घरीच वेल्डिंग करून बनवू.

जुनी चालेल, पण आधी रिकामी वर-खाली करून बघा, मग गाडी घालून लॉकवर न टेकवता अर्धा तास ठेवा आणि खूण करून ती किती उतरते ते मोजा. या अर्ध्या तासात खाली कुणी जायचं नाही. लॉकच्या खाचांच्या कडा गोल झिजलेल्या, नळीला भेगा, पिना सैल, किंवा कुठेही नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या. पुस्तक नसेल तर निदान मॉडेल क्रमांकाची पट्टी तरी हवी.

घरी बनवलेल्या लिफ्टखाली मी स्वतः गेलेलो नाही, जाणारही नाही.

२२. उतरवताना एका बाजूचं लॉक सुटलं, दुसऱ्याचं नाही. आता?

उतरवायचं बटण ताबडतोब सोडा. गाडी कलली असेल तर खाली वाकून काय अडकलं ते बघायला जाऊ नका. आधी बटण दाबून परत वर घ्या, दोन्ही बाजू पहिल्या उंचीच्या थोड्या वर नेऊन पुन्हा लॉकवर टेकवा. गाडी सपाट झाली की मग बघा. बहुतेक वेळा लॉकच्या दांडीखाली नट, चिंधी नाहीतर चिखल अडकलेला असतो, किंवा दांडीची स्प्रिंग निखळलेली असते. पिनांना ग्रीस न दिल्यानेही दांडी उचलायला आळस करते. साफ करा, पुन्हा वर घ्या, दोन्ही दांड्या हाताने सुट्या झाल्याची खात्री करा आणि मग सावकाश उतरवा.